उएनोच्या टेकडीवर साकुरा: आई-बाबांना घेऊन जाताना

विचारणा अशी आहे: "२६ मार्च ते २ एप्रिल आई-बाबांना घेऊन टोकियोत आहोत. बाबा ७२ वर्षांचे, आई ६८. बाबांचा डावा गुडघा कुरकुरतो. मुक्काम आसाकुसाला. एका दिवशी दुपारी २ ते ४ उएनो पार्क ठेवलंय. तेवढ्यात साकुरा, म्युझियम आणि प्राणिसंग्रहालय होईल का? फुलं नक्की असतील ना? आम्ही तिघंही शाकाहारी."

उत्तर:

दोन तासांत तिन्ही होणार नाही. साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, नक्की असतील असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पण तुमच्या तारखा चांगल्या आहेत. शाकाहाराचं जमतं, डबा मात्र आपला हवा. मी गेली सोळा वर्षं टोकियोत आहे आणि मराठी पाहुण्यांना शहर दाखवणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उएनोला किती वेळा गेले ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलंय. तुमच्या बेतात मी पहिला बदल करेन तो वेळेचा. दुपारी २ ऐवजी सकाळी ७.

दुपारी तिथे काय असतं? गणपतीत लालबागला असतं ते, फक्त रांग शिस्तीत. फुलांच्या दिवसांत मुख्य रस्त्यावर माणसं मुंगीच्या चालीने सरकतात, मध्येच कोणी फोटोला थांबलं की मागचे सगळे थांबतात. गुडघेदुखीच्या माणसाला चालण्यापेक्षा असं उभं राहणं जास्त जड जातं. पार्क पहाटे ५ ला उघडतं. सातला तुम्ही पोचलात तर निळ्या ताडपत्र्या अंथरून जागा राखत बसलेली ऑफिसातली एक-दोन नवखी पोरं, कुत्रा फिरवणारे आजोबा आणि झाडं, एवढंच भेटेल. कोवळं ऊन पूर्वेकडून येतं आणि पाकळ्यांच्या आरपार जातं. तो रंग दुपारी राहत नाही, सगळं पांढुरकं दिसतं.

आता फुलांच्या तारखा. उएनोत चेरीची साधारण ८०० झाडं आहेत आणि त्यातली बरीचशी ‘सोमेई योशिनो’ या एकाच जातीची. ही जात बियांनी वाढवत नाहीत, कलमांनी वाढवतात. हापूसचं जसं कलमच हवं, कोय लावून हापूस मिळेलच असं नाही, तसंच. म्हणजे जपानभरातली सोमेई योशिनोची झाडं ही एकाच झाडाची कलमं आहेत. एका परिसरातली सगळी झाडं एकदम का फुलतात याचं कारण यातच आहे. उब मिळाली की सगळ्यांना एकाच दिवशी जाग येते आणि एकाच आठवड्यात सगळ्यांचा बहर उतरतो. जातीचं नावही उएनोशी जोडलेलं आहे. सोमेई हे टोकियोतल्या माळ्यांचं जुनं गाव. तिथली रोपं पूर्वी नुसती ‘योशिनो’ म्हणून विकली जायची. उएनोतल्या झाडांची पाहणी करताना ही योशिनो डोंगरातली रानचेरी नव्हे, वेगळीच जात आहे, हे लक्षात आलं आणि १९०० साली तिला ‘सोमेई योशिनो’ हे नाव मिळालं.

टोकियोत फुलं आली हे ठरतं यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरावीक झाडावरून. हवामान खात्याचा माणूस येऊन फुलं मोजतो, टीव्हीचे कॅमेरे त्याच्याभोवती गर्दी करतात, आणि पाच-सहा फुलं उमललेली दिसली की ‘काइका’ जाहीर होते. बातमीत हा शब्द ऐकून लोक धावत सुटतात, आणि इथेच फसतात. काइका म्हणजे सुरुवात. त्या दिवशी पार्कात गेलात तर काड्या आणि कळ्या दिसतील. पाहायचा असतो तो ‘मांकाई’, म्हणजे ऐंशी टक्के फुललेलं झाड, आणि तो काइकानंतर साधारण आठवड्याने येतो. टोकियोची सरासरी काइका २४ मार्चला, मांकाई ३१ मार्चला. पण सरासरीवर विमानाची तिकिटं काढणाऱ्यांसाठी हे आकडे बघा: २०२३ मध्ये काइका १४ मार्चला झाली आणि मांकाई २२ ला. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, काइकाच २९ मार्चला आणि मांकाई ४ एप्रिलला. २०२५ मध्ये २४ आणि ३०. मांकाईनंतर पाकळ्या झाडावर टिकतात त्या आठवडाभर, तेही वारा-पाऊस नसेल तर. तुमचे आठ दिवस या सगळ्याच्या मधोमध बसतात. म्हणून उएनोचा दिवस आत्ता ठरवू नका. इथे आल्यावर पहिल्या संध्याकाळी हवामान बघा आणि पावसाच्या आदल्या सकाळी जाऊन या.

कसं जायचं, याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. नऊ जणांच्या एका ग्रुपला मी सांगून ठेवलं, "उएनो स्टेशनवर उतरा, पार्कच्या गेटपाशी भेटू." पुण्याचे एक काका स्टेशनच्या खालच्या अंगाला, शिनोबाझुच्या दारापाशी, पाऊण तास उभे. त्यांच्या हिशेबाने तेही पार्कचंच दार होतं, आणि चूक म्हणाल तर माझीच, कारण समोर खरोखर पार्कच दिसतं! उएनो स्टेशन टेकडीच्या कुशीत आहे. काही दारं टेकडीच्या पायथ्याशी उघडतात आणि एक दार, ‘कोएन-गुची’, थेट टेकडीच्या माथ्यावर. कोएन म्हणजे बाग, गुची म्हणजे तोंड. २०२० मध्ये या दारासमोरचा रस्ता वाहनांना बंद केला, त्यामुळे आता बाहेर पडलं की एकही पायरी न चढता आपण बागेत.

आसाकुसाहून उएनोला भुयारी रेल्वेची गिंझा लाइन आहे, टोकियोची पहिली, १९२७ सालची, आणि याच टप्प्यावर ती सुरू झाली होती. पाच मिनिटांत पोचवते. पण ती पोचवते पायथ्याशी. तुम्ही एकटे असता तर म्हटलं असतं जा. बाबांसाठी टॅक्सी करा. दोनेक किलोमीटर अंतर आहे, हजार येनच्या आसपास होतील, तिघांत ते काहीच नाही. ड्रायव्हरला म्हणायचं, "उएनो-एकी, कोएन-गुची, ओनेगाई शिमास." टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं आणि मिटतं, बाबांना ते ओढू देऊ नका. प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी ओढतंच.

म्हणजे नियम एकच: वरून खाली यायचं. चढ पायांना नाही, टॅक्सीला.

आता मुद्द्याचं. उएनोला येऊन बहुतेक लोक फुलं बघतात, फोटो काढतात आणि ‘छान होतं, पण गर्दी फार’ म्हणून परततात. माझा अनुभव असा की, ही बाग नसून एक उद्ध्वस्त झालेलं देवस्थान आहे हे आधी सांगितलं की तीच माणसं तिथून हलत नाहीत. आपल्याकडच्या माणसाला तर हे चटकन कळतं. पंढरीला जाणं होत नाही म्हणून गावोगाव प्रतिपंढरपूर असतं, काशी लांब म्हणून पैठणला दक्षिण काशी म्हणतात. उएनोची टेकडी अशीच प्रति-क्योतो आहे.

झालं असं. १६२५ मध्ये तेनकाई नावाच्या बौद्ध आचार्यांनी तिसरा शोगुन (सम्राटाच्या नावाने राज्य चालवणारा सेनापती) तोकुगावा इएमित्सु याच्या आश्रयाने इथे कानएई-जी हे मंदिर उभारलं. शोगुनचा किल्ला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आणि ही टेकडी किल्ल्याच्या ईशान्येला. आपल्याकडे ईशान्य म्हणजे देवघराचा कोपरा. जपानात नेमकं उलटं: ईशान्य म्हणजे ‘किमोन’, राक्षसांच्या येण्याचं दार. ते बंद करायला तिथे देव बसवायचा. क्योतोच्या ईशान्येला हिएई पर्वतावर एन्र्याकु-जी हे मंदिर अशीच राखण करत होतं. तेनकाईंनी त्याचीच नक्कल केली आणि लपवलीही नाही. टेकडीचं नाव ठेवलं तोएई-झान, पूर्वेचा हिएई. एन्र्याकु-जीला जसं त्या काळाच्या राजवर्षाचं नाव, तसंच कानएई-जीलाही. हिएईच्या पायथ्याला बिवा सरोवर आहे, तर इथे टेकडीखालचं शिनोबाझु तळं. बिवात चिकुबु बेटावर देवी आहे, म्हणून या तळ्यातही बेट करून तीच देवी. क्योतोत उंच लाकडी सज्जाचं कियोमिझु मंदिर, तर इथे १६३१ मध्ये बांधलेलं छोटं कियोमिझु कान्नोन-दो, त्यालाही तसाच सज्जा. आणि फुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या योशिनोच्या डोंगरातून चेरीची झाडं आणून लावली. एदोच्या साध्या माणसाला क्योतोची यात्रा कुठली परवडायला? एका सकाळीत त्याचं सगळं क्षेत्र पायाखालून व्हायचं. तुमचंही होईल, बाबांच्या गुडघ्यासकट.

मग हे गेलं कुठे? १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली. तिच्याशी निष्ठा राखणारे शोगिताई नावाचे सैनिक या टेकडीवर ठाण मांडून बसले. नव्या सरकारच्या फौजेने समोरून दरवाज्यावर हल्ला चढवला आणि तळ्यापलीकडच्या उंचवट्यावरून तोफा डागल्या. एका दिवसात सगळं आटोपलं आणि मंदिराचा बहुतेक भाग जळून गेला. ओसाड झालेल्या जागेवर वैद्यकीय शाळा आणि रुग्णालय बांधायचं चाललं होतं. बाउदुइन नावाच्या डच डॉक्टरने ती जागा पाहिली आणि इथे बाग करा असं सुचवलं. १८७३ मध्ये जपानात पहिल्यांदा सार्वजनिक बागा जाहीर झाल्या, त्यांत उएनो होतं. १९२४ मध्ये राजघराण्याने ही जमीन टोकियो शहराला दिली, म्हणून अधिकृत नावात आजही ‘ओन्शी’, म्हणजे सम्राटाची देणगी, हा शब्द आहे. बाउदुइनसाहेबांचा अर्धपुतळा बागेत आहे. गंमत अशी की आधी बसवलेला पुतळा चुकून त्यांच्या भावाचा निघाला, आणि २००६ मध्ये तो बदलावा लागला.

एवढं डोक्यात ठेवून कोएन-गुचीतून आत या. डाव्या हाताला बुंका काइकान हे संगीतगृह, उजवीकडे पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय. दुसरी इमारत वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांची आहे, १९५९ ची. २०१६ मध्ये त्यांच्या १७ वास्तू एकत्र जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत ही आणि आपल्या चंडीगडचं कॅपिटल कॉम्प्लेक्स. बाहेरून बघून पुढे चला. समोर मोठं कारंजं लागेल. लोक इथे कॉफी पितात. कानएई-जीचा मुख्य गाभारा साधारण इथेच होता. मागे दिसतं ते राष्ट्रीय संग्रहालय, तिथे मुख्य आचार्यांचा वाडा होता. आजचं कानएई-जी त्या संग्रहालयाच्याही मागे आहे, कावागोएहून १८७९ मध्ये आणलेल्या इमारतीत, आणि तिथे कोणी फिरकत नाही. मंदिराचा पाच मजली पॅगोडा वाचला, पण तो आज कुठे आहे? प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणात. तिकीट न काढता बघायचा असेल तर तोशोगु देवळाच्या वाटेवरून झाडांमधून दिसतो.

कारंज्यापासून दक्षिणेकडे जाणारा रुंद रस्ता म्हणजे साकुरा-दोरी. दोन्ही बाजूंनी फांद्या येऊन वर मिळतात आणि छत होतं. हा रस्ता हळूहळू उतरत जातो, बाबांना कळणारही नाही. इथे वेळ घालवा. फांद्या हातात धरून वाकवू नका, हलवून पाकळ्या पाडू नका. आपल्याकडच्या पाहुण्यांकडून हे होतं आणि मग आसपासचे जपानी लोक काही न बोलता जे बघतात ते बोलण्यापेक्षा वाईट.

रस्त्याच्या एका अंगाला छोटा उंचवटा आहे. पंधरा-वीस पायऱ्या, बाबांना खाली बाकावर बसवून तुम्ही आणि आई जाऊन या. वर एक चेहरा आहे. फक्त चेहरा, भिंतीत बसवलेला, काळपट कांस्याचा, माणसापेक्षा मोठा. इथे बुद्धाची प्रचंड बैठी मूर्ती होती. भूकंपांत तिचं डोकं अनेकदा पडलं, पुन्हा बसवलं. १९२३ च्या महाभूकंपात ते पुन्हा खाली आलं. बाकीच्या धडाचं धातू दुसऱ्या महायुद्धात सरकारजमा झालं. चेहरा तेवढा उरला. आणि आता परीक्षेला बसणारी मुलं इथे नवस बोलायला येतात. का? तर हा बुद्ध आता आणखी ‘पडू’ शकत नाही, आणि जपानीत परीक्षेत नापास होणं याला ‘पडणं’ असंच म्हणतात. मुलांनी लिहिलेल्या लाकडी पाट्या तिथे टांगलेल्या असतात. एकदा माझ्याबरोबर नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी नातवाचं नाव देवनागरीत लिहून पाटी टांगली, आणि खाली सीट नंबरही.

थोडं पुढे कियोमिझु कान्नोन-दो. १६९४ मध्ये आताच्या जागी हलवलं, लढाई, भूकंप आणि युद्ध या तिन्हींतून वाचलं. सज्जावर उभं राहिलं की समोर एक पाइन दिसतो, त्याची एक फांदी वळवून पूर्ण गोल केलेली आहे. चित्रकार हिरोशिगेच्या एदोच्या चित्रांमध्ये तो आहे, मधल्या काळात वादळात गेला, आणि २०१२ मध्ये नव्याने लावला. त्या गोलातून बरोबर तळ्यातलं देवीचं मंदिर दिसतं. आईला पुढे उभं करा आणि फोटो घ्या, पण मोबाइल छातीच्या उंचीवर ठेवा, नाहीतर मंदिर गोलाबाहेर जातं.

याच मंदिराच्या मागे विहिरीजवळ झुकलेल्या फांद्यांची एक चेरी आहे, शुशिकी-झाकुरा. शुशिकी ही सतराव्या शतकाच्या शेवटची एक मुलगी, मिठाईवाल्याची. तेरा वर्षांची असताना तिने इथे हायकू लिहिली: विहिरीच्या काठावरची चेरी, प्यायलेल्यांनो जपा. हायकूची झाली ख्याती आणि झाडाला मिळालं तिचं नाव. आजचं झाड त्या मूळ झाडाचं कितव्यांदा लावलेलं वंशज. मला ही हायकू आवडते ती वेगळ्याच कारणाने. शोगुनांची समाधिस्थळं असल्यामुळे एदो काळात या टेकडीवर गाणंबजावणं आणि दारूला मज्जाव होता, संध्याकाळी दरवाजे बंद व्हायचे. तरी मुलीला विहिरीपाशी झिंगलेले दिसलेच. बंदीच्या जागी बाटली कशी पोचते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुढे आठव्या शोगुनने, योशिमुनेने, आसुकायामा टेकडीवर चेरी लावून लोकांना मोकळेपणी खाण्यापिण्याची सोय करून दिली. आज उएनोचीच हानामी, म्हणजे चेरीखाली बसून फुलं बघत खाणंपिणं, टोकियोतली सगळ्यात गडबडीची समजली जाते!

दक्षिण टोकाला कुत्र्यासोबतचा सायगो ताकामोरींचा पुतळा आहे, १८९८ चा. १८६८ ला टेकडीच्या दरवाज्यावर चालून आलेली फौज त्यांचीच. आणि ज्यांच्यावर ते चालून आले त्या शोगिताईंची समाधी पुतळ्याच्या अगदी पाठीमागे आहे. फोटो सगळे पुढूनच काढतात. तुम्ही दहा पावलं मागे जा.

इथून पायऱ्यांनी नको, उताराच्या रस्त्याने खाली येऊन उजवीकडे तळ्याच्या कडेने चाला. शिनोबाझु तळ्यातल्या बेटावरचं बेंतेन-दो हे आई-बाबांसाठी या सगळ्या फेरीचं टोक ठरेल, कारण तिथली देवी बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. ही तुलना माझी नाही. बौद्ध ग्रंथांसोबत चीनमार्गे ती जपानात पोचली. वाटेत तिच्या वीणेचं ‘बिवा’ हे जपानी तंतुवाद्य झालं. पाण्याशी तिचं नातं मात्र तसंच राहिलं, म्हणून तिची मंदिरं तळ्यात, बेटावर, समुद्रकिनारी. इथली मूर्ती आठ हातांची आणि शस्त्रधारी आहे, त्यामुळे पहिल्या नजरेला ती सरस्वती वाटत नाही. मंदिराबाहेर मोठ्या बिवाचं शिल्प आहे, ते दाखवून सांगितलं की बायका हात जोडतात. जुनी इमारत १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेली, आताची १९५८ ची. पैसे पेटीत टाका, दोरी असेल तर घंटा वाजवा, हात जोडून नमस्कार करा. बौद्ध मंदिर आहे, टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्या शिंतो देवळात.

मंदिराच्या भोवती दगड उभे आहेत. ते वाचून घ्या, म्हणजे कोणी वाचून दाखवणारं असेल तर. एक फुगु माशाच्या स्मरणार्थ, एक कासवांना धन्यवाद देणारा, एक स्वयंपाक्यांच्या सुऱ्यांसाठी, आणि एक चष्म्यांसाठी. ज्या वस्तूंनी, ज्या जिवांनी आपलं पोट भरलं, त्यांचं हे श्राद्धच. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. माझ्या एका पाहुण्याने, व्यवसायाने चष्मेवाला, त्या दगडापुढे पाकीट उघडून व्हिजिटिंग कार्ड ठेवलं होतं. मी उचलून परत दिलं.

बेंतेन-दोला लागूनच शोतेन-जिमा नावाचं चिमुकलं बेट आहे. शोतेन म्हणजे गणपती. तिथलं दार बहुतेक वेळा बंद असतं. जपानात त्याची मूर्ती गुप्त ठेवतात, दर्शन देत नाहीत. बाबांना गणपतीला जायचंच असेल तर आसाकुसात, तुमच्या मुक्कामापासून चालत, मात्सुचियामा शोदेन आहे. तिथे मूर्ती दिसत नाहीच, पण नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. मोदक नेऊ नका, दारातच मुळा विकत मिळतो.

खाण्याचं. फुलांच्या दिवसांत तंबूतल्या दुकानांची रांग असते आणि वास फार सुटतो. याकिसोबात मांस, ताकोयाकीत ऑक्टोपस, आणि ज्यात काहीच दिसत नाही त्यात माशाचा अर्क. ‘निकु नाशी’, म्हणजे मांस नको, असं सांगितलंत तर मांस काढून देतील, मासा राहील. बिनधास्त चालणारं: भाजलेलं रताळं, उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, तिरंगी दांगो (गुलाबी, पांढरे आणि हिरवे गोळे, काडीला टोचलेले) आणि साकुरा-मोची. ही शेवटची जरूर खा. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, बाहेरून खारवलेलं चेरीचं पान. पातोळ्यांना जसा हळदीच्या पानाचा वास लागतो तसा या पानाचा वास आत मुरतो, फरक एवढाच की हे पान खायचं असतं. पहिल्यांदा सगळे सोलून ठेवतात. पोटभर जेवणाला दहा मिनिटांवर ओकाचिमाची गाठा. हिरे-माणकांच्या धंद्यातले गुजराती-जैन व्यापारी तिथे बरेच, त्यामुळे शुद्ध शाकाहारी भारतीय जेवण मिळतं. तरी सकाळच्या फेरीसाठी थालीपीठ-लोणचं सोबत घ्या. बाकावर बसून खायला कोणी हरकत घेत नाही.

ताडपत्रीवर बसायची हौस असेल तर ठरावीक पट्ट्यातच बसायचं, बूट काढून, आणि शेजाऱ्याच्या ताडपत्रीवर पाय न ठेवता. शेगडी पेटवायची नाही. कचरा पिशवीत घालून हॉटेलवर न्यायचा. पण खरं सांगू, मार्चअखेर जमीन थंडगार असते. या दिवसांतल्या अचानक गारठ्याला जपानीत ‘हाना-बिए’, फुलांची थंडी, असा शब्दच आहे. सकाळी पारा आठ-दहावर असतो. बाबांना जमिनीवर बसवू नका, उठवताना त्रास होईल. कानटोपी आणि अंगात थर्मल घाला, रुबाब फोटोपुरता. स्वच्छतागृहं भरपूर आणि स्वच्छ आहेत, पण दुपारी बायकांची रांग वीस-वीस मिनिटं. सकाळी सातला जायचं हे आणखी एक कारण.

म्युझियम की प्राणिसंग्रहालय? एकच. माझं मत म्युझियम. राष्ट्रीय संग्रहालयात खुर्च्या आहेत, लिफ्ट आहे, पूर्वेकडच्या इमारतीत भारतातल्या मूर्तीही आहेत. दोन्ही साधारणपणे सोमवारी बंद असतात, तेवढं बघा. प्राणिसंग्रहालय १८८२ चं, जपानातलं पहिलं. मोठं आणि चढउताराचं आहे. तिथली एकच गोष्ट आई-बाबांना बाहेरूनच सांगा. युद्धात १९४३ मध्ये इथले हत्ती सरकारी हुकमाने मारले गेले. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी हत्तीसाठी नेहरूंना पत्रं लिहिली, आणि १९४९ मध्ये भारतातून एक हत्तीण आली. नाव इंदिरा. १९८३ पर्यंत ती इथेच होती.

फुलं चुकलीच तर? लवकर आलात असं वाटलं तर पायथ्याच्या चौकाजवळची ओओकान-झाकुरा बघा, ती सोमेई योशिनोच्या आधी, मार्चच्या मध्याला फुलते. उशीर झाला तर तोशोगु देवळाला लागून ‘बोतान’, म्हणजे पिओनीच्या फुलांची, बाग आहे, एप्रिलच्या मध्यापासून उघडते. थंडीत जानेवारीतही ती उघडी असते, गवताच्या छोट्या छपराखाली एकेक फूल जपलेलं. वीस मिनिटांवर नेझु देवळाच्या उतारावर एप्रिलमध्ये अझालियाची हजारो झुडपं फुलतात. फेब्रुवारीत येणाऱ्यांनी तळ्यापलीकडे युशिमा तेनजिनला उमेची, म्हणजे प्लमची, फुलं बघावीत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये शिनोबाझु तळ्याचा एक भाग कमळांनी असा भरतो की पाणीच दिसत नाही. तीही सकाळीच, दुपारपर्यंत मिटायला लागतात.

तुमच्या तारखांत पाकळ्या गळायला लागल्या असतील तर एक काम करा. तळ्याच्या होड्यांच्या भागात जा. तिथे पाकळ्या वाऱ्याने एका कडेला गोळा होतात आणि गुलाबी साय धरल्यासारखं पाणी दिसतं. त्याला ‘हाना-इकादा’, फुलांचा तराफा, म्हणतात. हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या भाड्याने मिळतात, त्या बाबांना नकोत, गुडघा दुमडून पाय मारावे लागतात. वल्ह्याची साधी होडी घ्या, वल्ही तुम्ही मारा आणि त्यांना मागच्या फळीवर पाय लांब करून बसू द्या.